उद्याचा रकाना

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

माझ्या डोक्यात काही नाही, हे काल दुपारी मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं. तू हेच चाळीस वर्षं सांगत आलीस. तुला मशीन लागलं नाही, एवढाच फरक.

घाबरू नकोस म्हणून हे आधी लिहिलं. आता झालं ते सांगतो. सोमवारी सकाळी डायलिसिसचे चारही पेशंट सेंटरवर उतरवले आणि रिकामी व्हॅन घेऊन डेपोकडे निघालो. चौकात सिग्नल हिरवा झाला, मी गाडी काढली, आणि उजवीकडून एक पांढरी गाडी थेट माझ्या दारावर आली. माझं डोकं दाराच्या खांबावर आपटलं. कानाच्या वर तीन टाके पडले. पलीकडच्या माणसाच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडीत पेशंट नव्हते, हे मी अजून दिवसातून दहादा मनाशी म्हणतो.

एक दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. पण सोडताना डॉक्टर म्हणाले, आज फोटो साफ आहे म्हणजे महिन्याने साफ असेलच असं नाही. कवटीखाली रक्त कधीकधी थेंबाथेंबाने साचतं आणि तीन-चार आठवड्यांनी कळतं. म्हणून सहा आठवडे गाडी बंद, मोबाईल बंद, टीव्ही बंद. फोनवर बोललं तरी डोक्यात घंटा वाजते, म्हणून हिने माझा फोन कपाटात कुलपात टाकलाय. तेव्हा आता पत्रं. अक्षराला हसू नकोस.

आणि एक तक्ता दिलाय. डोकेदुखी, उलटी, चक्कर, फार झोप, हातापायात अशक्तपणा. रोज संध्याकाळी प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. एक जरी ‘हो’ आला तरी खालच्या नंबरवर फोन करायचा. सहा आठवडे सगळे ‘नाही’ असले तर सोळा मार्चला गाडी चालवायला फिट असल्याचा दाखला मिळेल. मग मी माझ्या सीटवर.

तुझा,
ढब्बू

८ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

वहिनीने फोन केला होता, पण तुझ्या हातचं पत्र आलं तेव्हा कुठे घास उतरला. तीन टाके म्हणतोस, वहिनी सात म्हणाली. कुठला आकडा खरा? मला गोड आकडे सांगत जाऊ नकोस. गणितात छत्तीस मिळाले होते तेव्हा बाबांना त्रेसष्ट सांगितले होतेस, आठवतं ना?

शाळेत परीक्षेची धांदल आहे. हेडक्लार्क म्हणजे काय, तर दोनशे लोकांच्या चुका आपल्या टेबलावर. नाहीतर येऊन बसले असते तुझ्या उशाशी. येता येत नाही, तर निदान तक्ता नीट भर. डॉक्टरांनी कागद दिला तो तुला हौस म्हणून नाही.

आणि चौकातलं ते दहादा म्हणणं थांबव. पेशंट नव्हते ना? नव्हते. झालं.

ताई

१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

टाके सात. पण तीनवरच मी मोजायचं सोडलं होतं, त्यामुळे खोटं बोललो असं नाही.

काल चौदा दिवसांची तपासणी झाली. तासभर बाकावर बसलो, आत तीन मिनिटं. नर्सने तक्ता पाहिला, वरपासून खालपर्यंत ‘नाही’, म्हणाली, “असे पेशंट असते तर आम्ही दुपारी घरी गेलो असतो.” शिकाऊ डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली, टाक्यांची जागा बघितली, आणि सोळा मार्चला या म्हणाला. मी विचारलं, दाखला? तो म्हणाला, तक्ता असाच राहिला तर अडचण काय आहे?

उतरताना जिन्यात डावी चप्पल निसटली आणि खालच्या पायरीवर जाऊन पडली. एका म्हातारबुवांनी उचलून दिली आणि वर मलाच म्हणाले, सांभाळून, बाबा! ही चप्पल सध्या रोज निसटते. घरात एक पाय फटक-फटक वाजतो, म्हणून ही मला ‘घोडा’ म्हणते. स्वस्तातली चप्पल, सैल झाली असणार.

बदली ड्रायव्हरची कीर्ती माझ्यापर्यंत आली. पुढच्या सीटवर बसणाऱ्या आजी भेटायला आल्या होत्या. डायलिसिस करून परतताना माणसाच्या अंगात जीव नसतो, ताई. रक्तदाब उतरलेला असतो, मान टेकवून बसलेले असतात. तेव्हा ब्रेक असा दाबायचा की मांडीवरची पिशवी हलता कामा नये. आजी म्हणाल्या, “त्या पोराने ब्रेक मारला की मला माझे सगळे पूर्वज दिसतात. तू कधी येतोस ते सांग.” मी सांगितलं, सोळा मार्च. त्यांनी डायरीत लिहून घेतलं. आता मला त्या तारखेला उभं राहायलाच हवं.

ढब्बू

२१ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

सोबत पार्सल आहे. मागून पट्टा असलेल्या चपला, नंबर नऊ. टाचेमागे पट्टा घट्ट ओढून घे, मग निसटायची बिशाद नाही. जिन्यात पाय घसरला असता तर पुन्हा डोक्यावर आपटला असतास. एवढी साधी गोष्ट तुझ्या ध्यानात येत नाही? बेचाळीस वर्षांचा घोडा!

दुसरं. चौदा दिवसांत एकदाही डोकं दुखलं नाही? मी परीक्षेच्या एका दिवसात दोन गोळ्या घेते, आणि तुझं डोकं फुटलेलं असून सगळं ‘नाही’? मी तीस वर्षं मस्टर सांभाळलंय. ज्या मस्टरमध्ये एकही उशीर नसतो, ते मस्टर मी आधी उघडते. आमचे चित्रकलेचे सर शुक्रवारीच शनिवारची सही करून ठेवायचे. एकदा शनिवारी अचानक सुट्टी जाहीर झाली, आणि बंद शाळेत सर एकटेच हजर!

तक्त्याची प्रत पाठव. वहिनी दिवसभर झेरॉक्सच्या दुकानातच उभी असते, तिला जड नाही.

ताई

२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

चपला फक्कड. पट्टा ओढला की पाय कसा चपलेत बसतो! फटक-फटक बंद, घोड्याला नाल बसला. चपलेचा प्रश्न मिटला.

चालू आठवड्याची प्रत सोबत आहे, घे, काढ भिंग. हिने सकाळी दुकान उघडताच काढून दिली. तक्ता वाचायला तिला वेळ नव्हता, दारात गिऱ्हाईक उभं होतं.

तब्येत उत्तम. झोप तर अशी लागते की विचारू नकोस, दुपारी जेवून पडलो की पाच वाजता ही हलवून उठवते. इतकी वर्षं पहाटे चारला उठलो, ती सगळी थकबाकी शरीर वसूल करतंय. काल हातातून कप पडला. ओला होता.

एक गोष्ट सांगतो, हिला बोलू नकोस. काल डेपोत जाऊन आलो. गाडी चालवायला नाही, नुसता सीटवर बसायला. दार नवं बसवलंय. सीटवर बसलो आणि बरं वाटलं. पण त्या बदली ड्रायव्हरने क्लचची वाट लावलीय, ताई. इतका जड झालाय की डावा पाय पुरता दाबायला दोनदा जोर करावा लागला. मेकॅनिकला म्हटलं, तर तो दाबून बघून म्हणाला, “दादा, क्लच लोण्यासारखा आहे, तुम्ही आराम करून आळशी झालात.” आजकालचे मेकॅनिक!

आता एकोणीस दिवस राहिले.

ढब्बू

२७ फेब्रुवारी, बस स्टँडवर, बाक नंबर चार

ढब्बू,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. हातात घेऊन येतेय, कारण तोंडाने बोलायला गेले तर आधी ओरडेन आणि मग रडेन, आणि तू दोन्ही वेळा हसशील.

तुझं पत्र आज सकाळी साडेदहाला शाळेत मिळालं. आधी तक्ता उघडला, सवयीने. सोमवार तेवीस, नाही. मंगळवार, नाही. बुधवार, नाही. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार एक मार्च: डोकेदुखी नाही, उलटी नाही, चक्कर नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग टेबलावरच्या. आज शुक्रवार आहे, ढब्बू. सत्तावीस. आणि तू हे पत्र टाकलंस पंचवीसला. परवा तुझं डोकं दुखणार नाही, हे तुला बुधवारीच कोणी सांगितलं?

पहिल्यांदा मला हसू आलं. शिपाई म्हणाला, “बाई, काय झालं?” मी म्हटलं, आमच्या घरातही एक चित्रकलेचे सर आहेत. आणि ते बोलताबोलता खाली तुझं पत्र वाचत गेले. पाचपर्यंत झोप. कप. क्लच. क्लच डाव्या पायाने दाबतात, एवढं मलाही कळतं. चप्पल कुठल्या पायातली? मी सतराचं पत्र फायलीतून काढलं. डावी.

तुझी चप्पल सैल नव्हती रे. पाय सैल होता. आणि मी त्याला पट्टा पाठवला.

वहिनीला दुकानात फोन केला. “कुठे आहे तो?” म्हटलं. म्हणाली, “घरी, झोपलेत. अकराला डबा द्यायला गेले तेव्हाच झोपले होते आज.” मी म्हटलं, “उठव. तक्त्यावरच्या नंबरवर फोन कर आणि हॉस्पिटलात ने. काय झालं विचारू नकोस, शटर ओढ.” फोनमधून मला शटर खाली आल्याचा आवाज आला.

आता दीड वाजलाय. परीक्षेचे कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले. ते म्हणाले, “बाई, आज? शेवटचा पेपर आहे!” मी म्हटलं, माझाही.

बस लागली. पुढचं तुझ्यासमोर.

ताई

२७ फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच

ताई,

तुमचा फोन लागत नाहीये, बस डोंगरातून येत असेल. म्हणून ही चिठ्ठी किल्लीसोबत शेजारच्या काकूंकडे ठेवतेय. मी घरी फक्त त्यांचे कपडे न्यायला आले.

मी पोचले तेव्हा ते उठेनात. दोनदा हाका मारल्या, तिसऱ्यांदा डोळे उघडले आणि म्हणाले, “पेशंट उतरले का सगळे?” मग भानावर आले आणि माझ्याशी भांडायला लागले की हॉस्पिटलात कशाला, सगळे ‘नाही’ आहेत. रिक्षात माझ्या खांद्यावर झोपले.

तिथे त्याच नर्स होत्या. खालचा नंबर बघताना मला रविवारपर्यंतचे ‘नाही’ दिसले होते, म्हणून नर्सबाईंनी तक्ता हातात घेतल्यावर मी म्हटलं, तो कागद बाजूला ठेवा, तो यांनी आधीच भरलाय. नर्सबाईंनी तो उलटा ठेवला. मग एवढंच म्हणाल्या, “चपला काढा आणि त्या दारापर्यंत चालून दाखवा.” ताई, पट्टा सोडल्यावर मी पहिल्यांदा त्यांचा अनवाणी पाय बघितला. डावा अंगठा फरशीवर घासत जात होता. एक रेघ ओढल्यासारखा. रोज घरात माझ्यासमोर चालत होते आणि मी त्यांना घोडा म्हणत होते.

लगेच फोटो काढला. उजव्या बाजूला कवटीखाली रक्त साचलंय आणि मेंदूवर दाब आहे. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः दाखवलं. छोटं भोक पाडून ते काढायचं. उद्या सकाळी सातला. वेळेवर आणलंत म्हणाले, पण “नक्की” हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही, मी वाट बघत होते.

तिसरा मजला, डावीकडची खोली. ते मला सारखं विचारताहेत, ताईला कोणी सांगितलं? मी म्हटलं, तुम्हीच.

चहाचं सामान ओट्यावर आहे. काहीतरी खाऊन या.

तुमची वहिनी

१५ मार्च

प्रिय ढब्बू,

नऊ दिवस तुझ्याजवळ बसले आणि हे बोलले नाही, आता घरी आल्यावर लिहिते. त्या चपला मी तुझ्या घरातून घेऊन आलेय. वहिनी शोधेल, तिला सांग. माझ्या कपाटात खालच्या खणात आहेत. रोज साडी काढताना दिसतात, दिसू देत.

तुझा राग आहेच. पण तू तक्ता पुढे भरून ठेवलास तसा मी तुझा पाय पट्ट्याने बांधून ठेवला. तू डॉक्टरांना फसवलंस, मी माझ्या डोळ्यांना. दोघं एकाच बापाची.

एक विचारायचं राहिलं. का भरलास? खोटं लिहायची तुला हौस नाही. टाके तीनवर सोडतोस, पण गाडीचं कधी खोटं बोलत नाहीस. बोलावंसं वाटलं तर लिही. नाहीतर नको.

हातात अशक्तपणा आहे, तर सावकाश लिही. डावा हात कागद धरायला तरी वापर, फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलंय.

ताई

२० मार्च

प्रिय ताई,

कागद डाव्या हाताने धरलाय. दोनदा सटकला. म्हणून पान वाकडं.

का भरला, ते सांगतो. डेपोत रोज सकाळी गाडी काढायच्या आधी तपासणीचा कागद असतो. ब्रेक ठीक, दिवे ठीक, टायर ठीक, ऑईल ठीक. पहिली दोन वर्षं मी खाली वाकून एकेक बघायचो. मग गाडी इतकी ओळखीची झाली की इंजिनाच्या आवाजावरून कळायचं. मग सोमवारी सकाळी चहा घेताना अख्ख्या आठवड्याचे ‘ठीक’ लिहून टाकायला लागलो. सगळेच ड्रायव्हर लिहितात. गाडी खरंच ठीक असायची, ताई. सतरा वर्षांत पेशंट घेऊन मी एकदाही रस्त्यात अडकलो नाही. त्यामुळे ‘ठीक’ लिहिलं की ठीक असतं, असं हाताला वाटायला लागलं. हॉस्पिटलचा तक्ता हातात आला आणि हाताने सोमवारी सकाळी आपलं काम केलं. पहिल्या आठवड्यापासून. डोकं दुखायचं तेव्हा वाटायचं, तक्त्यात तर ‘नाही’ आहे, म्हणजे एवढं दुखत नसेल.

आणि आजींच्या डायरीतली सोळा तारीख होती, हेही खरं. ती येऊन गेली. आजी मंगळवारी आल्या होत्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, “अरे, मी आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घेते. मला वाट बघायला शिकवतोस?” मग जाताना दारात थांबून म्हणाल्या, “पण आता ज्या दिवशी येशील, त्या दिवशी खरा बरा होऊन ये. मी पुढच्या सीटवर बसते, मागच्या नाही.”

नवा तक्ता मिळालाय. तोच, पाच रकाने, फक्त अशक्तपणापुढे ‘वाढला का?’ असं लिहून दिलंय. या वेळी नर्सने नियम केलाय की पेन हिच्याकडे राहील आणि ही रोज संध्याकाळी सातला देईल. पेन देताना माझ्याकडे अशी बघते, जशी तू मस्टरकडे बघतेस. ऑपरेशन झाल्यापासून वीस दिवस सगळे ‘नाही’ आले. खरे ‘नाही’. हात सुधारतोय, पाय घासत नाही. डॉक्टर म्हणाले होते, पाचसहा जणांतल्या एकात रक्त पुन्हा साचतं. उद्याच्या फोटोत जागा साफ दिसली, तर तीन महिन्यांनी गाडी चालवायची चाचणी. नाही दिसली, तर पुन्हा तो मजला, आणि दाखल्याचं काही सांगता येत नाही.

आज चार वाजल्यापासून डोकं दुखतंय. उजवीकडे, टाक्यांच्या वर. फार नाही. महिन्यापूर्वी दुखलं असतं तर एवढ्यासाठी मी कोणाला हाक मारली नसती. सातला हिने पेन दिलं. मी पहिल्या रकान्यापाशी बराच वेळ बसलो. ती भाजी निवडत बसली. मनात आलं, उद्या फोटो आहेच, फोटोत दिसेल ते दिसेल, आजच्या दिवसाने काय अडतंय? मग नर्सबाईंनी त्या दिवशी करायला लावलं तसं चपला काढल्या, दारापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. पाय उचलला जात होता. तेवढं बघून बसलो आणि डोकेदुखीपुढे ‘हो’ लिहिलं. बाकी चार ‘नाही’.

ही उठली, भाजी तशीच ठेवली आणि खालच्या नंबरवर फोन लावला. नर्सबाईच होत्या. म्हणाल्या, उलटी नाही, ग्लानी नाही, तर उद्या दहालाच या, पण झोप जास्त वाटली किंवा पाय जड झाला तर थांबू नका, लगेच निघा. फोन ठेवताना त्यांनी हिला सांगितलं, “त्यांना म्हणावं, लिहिलं ते बरं केलं.”

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. तोवर उद्याचा निकाल तुला कळलेला असेल, मला आत्ता माहीत नाही. हिने दुकान पुन्हा उघडून तक्त्याची झेरॉक्स काढून दिलीय, सोबत आहे. आजपर्यंत भरलाय. उद्याचा रकाना कोरा आहे, भिंग लावून बघ.

दहाला फोटो. मोठे डॉक्टर अकरापर्यंत बघतील. साडेअकराच्या आत ही तुला फोन करेल.

ढब्बू